मदत हवी आहे: यादवीनंतरची कौटुंबिक पत्रं

नमस्कार मंडळी. अमेरिकन यादवी युद्धातल्या (१८६१-६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध दक्षिणेची) पत्रांचं अभिवाचन बसवतेय. केंद्रस्थानी कॅम्पबेल बंधू, मूळचे स्कॉटलंडचे. अलेक्झांडर उत्तरेच्या ७९व्या न्यूयॉर्क रेजिमेंटमध्ये, तर जेम्स दक्षिणेच्या चार्ल्स्टन बटालियनमध्ये. १६ जून १८६२ ला चार्ल्स्टनजवळच्या सेसेशनव्हिलच्या लढाईत दोघंही होते, समोरासमोरच्या फौजांत. चाल करून आलेल्या रेजिमेंटचा ध्वज आपल्या भावाच्या हाती होता, हे जेम्सला नंतर कैद्यांकडून कळलं. त्यावर त्याने भावाला पत्र लिहिलं. त्यात आपल्या बाजूबद्दलची निष्ठा तसूभरही ढळत नाही आणि माया तर ओसंडून वाहते! मला तरी हे पत्र कुठल्याही रणवर्णनाहून मोठं वाटतं.

माझं घोडं अडलंय ते १८६५ नंतर. हरलेला आणि जिंकलेला एकाच घरातले असतील, तर ते एकमेकांना काय लिहितात? अशा कुटुंबांची, विशेषतः आई-बहिणींची, युद्धोत्तर पत्रं कुणी वाचली आहेत का? केंटकी, मिसुरीसारख्या दुभंगलेल्या सीमावर्ती राज्यांतली असतील तर फारच उत्तम. तिकडे राहणाऱ्या कुणाला स्थानिक अभिलेखागारात चौकशी करता येईल का? मूळ पत्राची स्कॅन प्रत मिळाली तरी पुरे, अनुवाद मी करेन.