उद्या ५ वाजता व्होटिंग बंद, आणि इथे लिफ्टची चर्चा

(जुलै २०२५, सोसायटीचा ग्रुप. ए-बी विंगचा ताबा मिळालाय, सी-डी अर्धवट आहेत. बिल्डरची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत आहे, आणि तिला सावरून घरं पुरी करायच्या प्लॅनवर धनकोंची, म्हणजे जिचे पैसे अडकलेत ती बँक, फायनान्स कंपनी आणि घरखरेदीदार यांची कमिटी मत देतेय.)

शीतल (डी-११०४): सॉरी, पण आता राहवत नाही. एआर मॅडमचा, म्हणजे कमिटीत आपल्या वतीने बसणाऱ्या अधिकृत प्रतिनिधींचा, मेल आलाय, सी आणि डी विंगच्या २१२ पैकी फक्त ७४ जणांनी मत दिलंय. उद्या संध्याकाळी ५ ला ई-व्होटिंग बंद. रविवारच्या मीटिंगला सगळे माना डोलवत होते, समोसे पण पुरले नाहीत, मग आता काय झालं?

कदम काका (सी-३०२): लिंक स्पॅममध्ये जाते. कृपया स्पॅम फोल्डर बघा 🙏

नितीन (सी-८०१): मी मुद्दाम नाही दिलं. फुटाला ६०० वाढीव मागणाऱ्या प्लॅनला हो म्हणायला मी खुळा नाही. नऊ वर्षं भाडं भरतोय, वर हप्ता भरतोय, आणि आता अजून चार लाख? मत न देणं हाच माझा विरोध समजा.

शीतल: तसं कोणी समजत नाही नितीन. एआर आपल्या सगळ्यांच्या वतीने एकच मत टाकते. ज्यांनी बटण दाबलंय त्यांच्यात अर्ध्याहून जास्त, म्हणजे डोकी मोजून नाही, रकमेने, जे म्हणतील ते आख्ख्या ४१ टक्क्यांचं, म्हणजे कमिटीतल्या आपल्या सगळ्या वाट्याचं मत. तू घरी बसलास की तुझं पण हे ७४ जणच ठरवणार. नाही म्हणायचंय तर नाही दाब, पण दाब.

पाटील सेक्रेटरी (ए-२०४): सर्व सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. ए व बी विंगचा या विषयाशी संबंध नाही. सी-डी च्या मंडळींनी वेगळा ग्रुप करावा. तसेच बी विंगची लिफ्ट उद्या सुरू होईल.

फडके (बी-६०३): पाटील, तुमचा "उद्या" गेल्या गुरुवारपासून चालू आहे.

जोशी सर (सी-१००३): पाटीलसाहेब, संबंध कसा नाही? सातबारा काढून बघा. मी परवा काढला. मालक म्हणून बिल्डरची कंपनी आणि इतर हक्कात बँकेचा बोजा, तोही आख्ख्या सर्व्हे नंबरवर. आपलं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, झालेलंच नाही. तुमचे फ्लॅट सुरक्षित आहेत, मान्य, ताबा दिलेले फ्लॅट लिक्विडेशनच्या (कंपनी मोडीत काढून विकण्याच्या) मालमत्तेत धरायचे नाहीत असा नियम २०२४ च्या फेब्रुवारीत आलाय. पण क्लबहाऊस, उरलेला एफएसआय (बांधकामाचा हक्क), कॉर्पसचे, म्हणजे सोसायटीसाठी आपल्याकडून घेतलेल्या निधीचे पैसे, हे कुठे आहेत?

पाटील सेक्रेटरी: कॉर्पससाठी आम्ही रीतसर क्लेम दाखल केलेला आहे.

वैशाली (बी-४०२): आम्ही म्हणजे कोण? ठराव कधी झाला? मिनिट्स टाका.

पाटील सेक्रेटरी: मॅडम, आपण एजीएमला येत नाही, मग मिनिट्स मागता.

वैशाली: आले असते, पण पार्किंगला जागा नसते ना. काही जणांकडे एका फ्लॅटवर दोन आहेत, बिल्डरच्या कृपेने.

(हा मेसेज डिलीट केला आहे)

फडके: वाचला आम्ही पाटील, उशीर झाला.

कदम काका: कृपया विषयावर या. लिंक स्पॅममध्ये असते 🙏

इनामदार (डी-५०३): माझ्याकडे महारेराची रिफंडची ऑर्डर आहे, वॉरंट तहसीलदाराकडे आहे. मी या कमिटी-बिमिटीत पडत नाही, माझे पैसे व्याजासकट वेगळे मिळणार.

जोशी सर: इनामदार, केस दाखल करून घेतली त्या दिवशी मोरेटोरियम, म्हणजे सगळ्या वसुलीला स्थगिती, लागला, तहसीलदार आता काही करू शकत नाही. आणि ऑर्डरवाले घरखरेदीदार आणि बाकीचे यांच्यात भेद करता येणार नाही असं सुप्रीम कोर्टानेच २०२३ मध्ये सांगितलंय. तुम्ही आमच्याच रांगेत आहात, या.

भारती काकू (सी-२०५): पण सर काहीच नाही झालं तर ते पाच लाख तरी मिळतात ना? विम्याचे?

जोशी सर: ते बँकेतल्या ठेवींना काकू. फ्लॅटला असला विमा नाही.

फडके: आमच्या सहकारात बरं होतं, अवसायक यायचा, कुलूप लावायचा, आणि आपण मरेपर्यंत चौकशी चालायची. निदान व्होटिंगचा ताप नव्हता.

नितीन: मुळात आपल्याला विचारतंय कोण? बँकेकडे ५५ टक्के, अजून एका फायनान्स कंपनीकडे ४. आपली ४१. बँक हेअरकट घेणार, म्हणजे थोडी थकबाकी सोडणार, आणि आपलं मुंडण.

जोशी सर: इथेच सगळे चुकतायत. प्लॅन पास व्हायला ६६ टक्के लागतात. ५५ आणि ४ मिळून ५९. म्हणजे आपल्याशिवाय बँकेचं पान हलत नाही. कमिटीतली ही खुर्ची आपल्याला २०१८ ला मिळाली, त्याआधी घर घेणारा नीट धनकोच धरला जात नव्हता. बिल्डर लोक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि २०१९ ला हरले. नोएडाच्या जेपी इन्फ्राटेकमध्ये तर कमिटीत अर्ध्याहून जास्त मतं घरवाल्यांची होती, बँकांना त्यांच्या मागे फिरावं लागलं.

नितीन: मग झालं की. नाही म्हणू, दुसरा चांगला प्लॅन आणा म्हणू.

जोशी सर: कधी आणणार? कायद्यात ३३० दिवस लिहिलेत, आपली केस २०२३ च्या ऑगस्टमधली, पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. मुदतवाढीवर मुदतवाढ झालीय आणि प्लॅन आलाय एकच. हा पडला आणि मुदत संपली की एनसीएलटी (कंपनी न्यायाधिकरण) सरळ लिक्विडेशनची ऑर्डर काढणार. आणि तिथे आज जी कमिटी आहे ती राहत नाही हे लक्षात घ्या. लिक्विडेटर, म्हणजे मालमत्ता विकून पैसे वाटणारा, येतो, त्याच्याबरोबर एक सल्लागार समिती असते, त्यात आपला माणूस असेलही, राखीव किंमत किती ठेवायची, विक्री कशी करायची यावर बोलेलही, पण तो सल्ला लिक्विडेटरवर बंधनकारक नाही. नाही ऐकलं तर कारण लिहून ठेवायचं, बस. आज आपल्याकडे अडवायची ताकद आहे, उद्या फक्त चहा-बिस्किटं.

शीतल: आणि पैसे वाटायचा क्रम पण सांगा सर.

जोशी सर: टँकर आल्यावर होतं तसं समजा. आधी टँकरवाल्याचं भाडं, म्हणजे या सगळ्या प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी आणि तारणावरचा हक्क सोडून वाटपात आलेली बँक, दोघं एकाच नळाला. मग बाकी कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार. मग विनातारण धनको, तिथे बहुतेक आपण, रिकामी बादली घेऊन. सरकारी देणी आपल्या मागे. आणि बँकेने तारण सोडलंच नाही तर ती जमीन बाहेरच्या बाहेर विकून मोकळी, टाकीत पाणीच नाही.

भारती काकू: उद्या टँकर किती वाजता आहे?

पाटील सेक्रेटरी: सकाळी ७. पैसे जीपे करावेत, स्क्रीनशॉट टाकावा.

नितीन: सर तुम्ही आयुष्यभर बँकेच्या रिकव्हरीत होतात म्हणून बँकेची भाषा बोलताय असं नाही ना? राग मानू नका.

जोशी सर: मानला. पण आठव्या स्लॅबपर्यंत पैसे मी पण भरलेत, आणि त्या स्लॅबवर आता पिंपळ उगवलाय.

इनामदार: आणि प्लॅन पास झाला म्हणजे घर मिळालं असं कोण सांगतं? जेट एअरवेजचा प्लॅन २०२१ ला मंजूर झाला होता, विमान उडालं नाही, शेवटी नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लिक्विडेशनच सांगितलं.

शीतल: हे मात्र खरंय इनामदार काका. म्हणूनच मी एआर मॅडमना लिहिलंय की हे वाढीव ६०० एकदम नकोत, स्लॅबप्रमाणे वेगळ्या खात्यात घ्या. कमिटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी मांडलं, बदललेल्या प्लॅनच्या १४ व्या पानावर आलंय. कोणी उघडलं का ते पान?

(बराच वेळ कोणी काही लिहीत नाही)

वैशाली: डी विंगमधले ते तीन फ्लॅट बिल्डरच्या मेव्हण्याचे आहेत ना? तो पण मत देणार?

जोशी सर: नात्यातला निघाला तर त्याला कमिटीत मत नाही. आरपीकडे (ही प्रक्रिया चालवणाऱ्याकडे) लेखी हरकत द्यायला हवी होती, मी तीनदा म्हटलं. असो.

कदम काका: ज्यांना लिंक मिळाली नाही त्यांनी स्पॅम फोल्डर बघावा 🙏

नितीन: काका बास की!!

सुनंदा माने (सी-६०४): शीतल, एक विचारू का, लिंक ह्यांच्या नंबरवर येत असेल. ते गेल्यापासून फोन बंद करून ठेवलाय. चालू केला तर पॅटर्न माहीत नाही.

शीतल: काकू, काकांच्या नावाने काही दाबू नका. अॅग्रीमेंटवर तुमचं पण नाव आहे का? क्लेमच्या फॉर्ममध्ये ईमेल कुणाचा दिला होता?

सुनंदा माने: दोघांचं आहे. फॉर्म सगळा श्रीने भरला होता, तो पुण्याला असतो. थांब, त्याला फोन करते.

पाटील सेक्रेटरी: वहिनी, वारसाचे कागद लागले तर ऑफिसात झेरॉक्स आहे, उद्या सकाळी या. रविवार असला तरी उघडतो.

नितीन: मी दिलं मत. काय दिलं ते विचारू नका.

सुनंदा माने: श्रीचाच ईमेल होता. लिंक माझ्या नावाची आहे. त्याच्या स्पॅममध्ये सापडली.

कदम काका: 🙏

फडके: बी विंगच्या टाकीचा व्हॉल्व्ह कोणी बंद केलाय?