हँडहेल्डवरील ऑनलाइन खेळाचे पहिले प्रयत्न: मोबाइल अ‍ॅडॉप्टर जीबीला अपयशी म्हणावे का?

सांजवात (धागाकर्ती)

हातात मावणाऱ्या कन्सोलवर इंटरनेटच्या साहाय्याने खेळण्याचा विषय निघाला, की बहुतेक जण सुरुवात नोव्हेंबर २००५ पासून करतात. त्या महिन्यात निन्टेन्डोने आपल्या डीएस या हँडहेल्डसाठी (हातातल्या कन्सोलसाठी) वाय-फाय कनेक्शन ही सेवा सुरू केली आणि 'मारिओ कार्ट डीएस' हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ घरबसल्या दुसऱ्या देशातील माणसाशी खेळता येऊ लागला. त्याआधीच्या प्रयत्नांचा उल्लेख झालाच, तर तो 'फसलेले प्रयोग' एवढ्या दोन शब्दांत उरकला जातो. या शिक्क्याला माझा आक्षेप आहे.

२७ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये मोबाइल अ‍ॅडॉप्टर जीबी विक्रीस आला. एका टोकाला निन्टेन्डोच्या गेम बॉय कलर या हँडहेल्डच्या लिंक केबलच्या (दोन यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या तारेच्या) खाचेत बसणारा जोड, दुसऱ्या टोकाला मोबाइल फोनच्या बुडाशी बसणारा जोड आणि मधे एक लहानशी डबी, असे हे उपकरण होते. त्या वेळी जपानमध्ये फोनच्या निरनिराळ्या पद्धती प्रचलित असल्याने पीडीसी फोनसाठी निळा, सीडीएमएसाठी पिवळा आणि पीएचएससाठी तांबडा अशा वेगवेगळ्या रंगांचे अ‍ॅडॉप्टर निघाले. त्याच्या आधारावर उभा राहिलेला प्रमुख खेळ म्हणजे १४ डिसेंबर २००० रोजी आलेला 'पोकेमॉन क्रिस्टल'. इंग्रजी आवृत्तीत गोल्डनरॉड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहरात जपानी आवृत्तीत पोकेमॉन कम्युनिकेशन सेंटर नावाची एक मोठी इमारत होती. तिथल्या खिडकीवर आपला पोकेमॉन (खेळात पकडलेला प्राणी) ठेवायचा, बदल्यात कोणता हवा ते सांगायचे, फोन काढून ठेवायचा आणि नंतर सवडीने पुन्हा जोडून पाहायचे, की जपानच्या कोणत्या तरी कोपऱ्यातील अनोळखी खेळाडूने देवाणघेवाण पूर्ण केली आहे का.

माझे म्हणणे एवढेच आहे, की हा विचार हँडहेल्डच्या स्वभावाला धरून होता. खिशातले कन्सोल माणूस बसथांब्यावर काढतो, बस आली की बंद करतो. अशा यंत्रावर दोन माणसांनी एकाच क्षणी हजर असले पाहिजे, ही अटच मुळात चुकीची आहे. २००१ च्या त्या रचनेने ती अट काढून टाकली होती. सेवा फार काळ टिकली नाही, हे मान्य. परंतु टिकली नाही म्हणून कल्पनाच चुकली, असे म्हणता येत नाही.

दक्षिणवारा

धागाकर्तींशी असहमत. मांडणी नीटस आहे, परंतु तिच्यातून वगळलेल्या गोष्टी फार मोठ्या आहेत.

ही सेवा डिसेंबर २००२ मध्ये बंद झाली, म्हणजे पुरती दोन वर्षेही चालली नाही. त्याहून बोलका पुरावा त्याच्या आदल्या महिन्यातला आहे. २१ नोव्हेंबर २००२ रोजी 'पोकेमॉन रुबी' आणि 'सॅफायर' हे खेळ जपानमध्ये आले, आणि ज्या मालिकेसाठी हा सारा खटाटोप झाला, त्याच मालिकेच्या पुढच्या भागांत अ‍ॅडॉप्टरला जागा नव्हती. देवाणघेवाण पुन्हा केबलनेच. जानेवारी २००४ मध्ये 'फायररेड' आणि 'लीफग्रीन' यांच्यासोबत निन्टेन्डोने दिला तो वायरलेस अ‍ॅडॉप्टर, आणि तोही एका खोलीपुरता. कंपनीने स्वतः फोनची वाट सोडून माणसे एकमेकांजवळ बसतील अशी वाट धरली, याचा अर्थ आपण लावायचा की नाही?

दुसरी बाब पैशांची. हा खेळ मुलांसाठी होता, आणि मुलाला तो ऑनलाइन खेळायचा असेल तर आईवडिलांचा फोन, फोनला जुळणारा नेमका त्याच रंगाचा अ‍ॅडॉप्टर, इंटरनेट सेवेची नोंदणी आणि कॉलचा खर्च, इतके सगळे जुळून यावे लागत होते. शाळकरी मुलाच्या खेळापुढे इतके उंबरठे उभे करणाऱ्या रचनेला मी शहाणपणाची रचना म्हणणार नाही.

आणि जपानबाहेरच्यांचे काय झाले, तेही पाहावे. क्रिस्टलमध्ये सेलेबी या पोकेमॉनपर्यंत नेणारी जीएस बॉल नावाची वस्तू जपानमध्ये याच सेवेतून मिळत असे. बाहेरच्या देशांत ती सेवाच गेली नाही, त्यामुळे कार्ट्रिजमध्ये (खेळ साठवलेल्या डबीत) त्या प्रसंगाचा मजकूर असूनही तिथे पोहोचण्याची अधिकृत वाट ठेवलेली नव्हती. पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या खेळातील एक खोली कायमची कुलूपबंद राहिली. 'ऑनलाइन'च्या नावाखाली खेळाचा एक तुकडा सर्व्हरच्या ताब्यात देण्याची वाईट प्रथा इथूनच सुरू झाली, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडूफळा

एक दुरुस्ती. शीर्षकात 'पहिले प्रयत्न' आहे, म्हणून टायगर इलेक्ट्रॉनिक्सच्या 'गेम डॉट कॉम'ची नोंद झाली पाहिजे. १९९७ मध्ये अमेरिकेत आलेल्या या हँडहेल्डला टेलिफोनच्या तारेवर चालणारा, सेकंदाला १४.४ किलोबिट वेगाचा मोडेम जोडता येत असे. इंटरनेटसाठी वेगळे कार्ट्रिज घ्यावे लागे आणि पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. त्यावरून दुसऱ्याशी सामना खेळता येत नव्हता. मिळवलेले गुण पाठवणे आणि पत्रे वाचणे, एवढीच मजल. शिवाय भिंतीतल्या तारेला बांधलेले यंत्र हातातले उरतच नाही. बांदाई कंपनीने २००० मध्ये आपल्या वंडरस्वान या हँडहेल्डसाठी काढलेला वंडरगेट मात्र मोबाइल फोनलाच जोडला जाई, तेव्हा फोनची कल्पना एकट्या निन्टेन्डोची नव्हती.

तांबडीमाती

मी २००१ ते २००३ या काळात शिक्षणासाठी ओसाकात होतो आणि सुरुवातीचे काही महिने एका जपानी कुटुंबात राहिलो. त्या घरातील चौथीतल्या मुलाकडे हा अ‍ॅडॉप्टर होता, म्हणून पाहिलेले लिहितो.

आई संध्याकाळी कामावरून आली, की तिचा फोन त्याला पाच मिनिटांसाठी मिळत असे. तो आधीच जेवणाच्या मेजावर गेम बॉय चालू करून, खेळातील त्या इमारतीच्या खिडकीसमोर आपले पात्र उभे करून वाट पाहत बसलेला असे, म्हणजे फोन हाती आल्यावर एक मिनिटही वाया जाऊ नये. जोडणी होईपर्यंत तो श्वास रोखून पडद्याकडे बघे. बहुतेक दिवशी काही झालेले नसे. मग तो मुकाट्याने फोन परत करी. एकदा त्याने ठेवलेल्या पोकेमॉनच्या बदल्यात हवा तो आला, तेव्हा पाठवणाऱ्या खेळाडूचे नाव वाचून त्याने मला विचारले, की हा मुलगा कुठे राहत असेल. त्या रात्री आम्ही जपानचा नकाशा काढून बसलो होतो.

दक्षिणवारा यांचा खर्चाचा मुद्दा मी त्या घरात रोज पाहिला, तेव्हा तो खोटा म्हणणार नाही. पण 'जवळ बसून खेळणे हेच खरे' हे मला पटत नाही. ते कुटुंब राहत असलेल्या इमारतीत त्याच्या वयाचे दुसरे मूल गेम बॉय खेळणारे नव्हते. त्याच्या दृष्टीने केबल ही निरुपयोगी वस्तू होती.

सांजवात (धागाकर्ती)

तांबडीमाती, मनापासून आभार. मला जे सिद्ध करायला परिच्छेद लागले असते, ते तुमच्या त्या नकाशाने सांगितले.

दक्षिणवारा, तुमच्या मुद्द्यांपैकी कार्ट्रिजमधल्या कुलूपबंद खोलीचा मुद्दा मी विनाअट मान्य करते. पण कंपनीने वाट सोडली म्हणून वाट चुकीची, हे अनुमान मला मान्य नाही, कारण पुढे तीच वाट तिने पुन्हा धरली. सप्टेंबर २००६ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन डायमंड' आणि 'पर्ल' आले. त्यांतील ग्लोबल ट्रेड स्टेशन काय होते? पोकेमॉन ठेवा, बदल्यात कोणता हवा ते सांगा, यंत्र बंद करा, नंतर परत या. फरक एवढाच, की आता ठेवलेल्या गोष्टी शोधून तिथल्या तिथे बदलताही येत होत्या आणि समोरचा खेळाडू जगात कुठलाही असू शकत होता.

वेगाविषयीही एक गैरसमज नेहमी ऐकू येतो, की तेव्हाचे फोन फार संथ होते म्हणून हे जमले नाही. गेम बॉयची लिंक केबल नेहमीच्या गतीने सेकंदाला ८,१९२ बिट वाहून नेई. जपानमधील पीडीसी फोनचा डेटाचा वेग सेकंदाला ९,६०० बिट होता. म्हणजे नळी अरुंद नव्हती. अडचण होती ती उत्तर परत येण्यास लागणाऱ्या विलंबाची, कारण केबलवर जे उत्तर तत्काळ मिळते, ते फोनच्या जाळ्यातून फिरून यायला वेळ घेते. ज्यांनी ही सेवा आखली, त्यांना हे कळले होते, आणि म्हणून त्यांनी विलंबाशी झगडण्याऐवजी विलंब चालेल असे खेळ निवडले. फोनला फोन जोडून थेट लढत देण्याची सोय होती, पण तीही आळीपाळीने चाल करण्याच्या लढतीची. जुलै २००१ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या 'मारिओ कार्ट'मध्ये अ‍ॅडॉप्टरने दोन गाड्या एकाच वेळी पळवायचा अट्टहास केला नाही. दुसऱ्याच्या फेरीची हुबेहूब नोंद उतरवून घ्यायची आणि तिच्याशी शर्यत लावायची, एवढेच ठेवले. क्रिस्टलमधील बॅटल टॉवरमध्येही इतर खेळाडूंचे संघ उतरवून घेऊन त्यांच्याशी लढायचे होते. मर्यादा ओळखून केलेल्या या आखणीबद्दल मला खरोखर आदर वाटतो.

पाऊलवाट

विलंब चालवून घेणे ही तडजोड होती, तिला आदर्श मानू नये, असे मला वाटते, आणि त्याचे कारण अनुभवाचे आहे.

२००६ मध्ये पुण्यात आमच्या घरी न्यू जर्सीच्या मावशीने डीएस पाठवला. मावसभावाशी 'मारिओ कार्ट' खेळायचे, तर दोघांनी एकमेकांचा बारा आकडी फ्रेंड कोड आपापल्या यंत्रात भरणे आवश्यक होते, आणि तो कोड कळवण्याची कोणतीही सोय त्या सेवेत नव्हती. त्याने फोनवर आकडे सांगितले, मी वहीच्या मागच्या पानावर उतरवले, एक आकडा चुकला आणि आठवडा गेला. मग लक्षात आले, की डीएसला वायरलेसच्या सुरक्षेची जुनी डब्ल्यूईपी पद्धतच तेवढी समजते. बाबांनी राउटरवर त्याहून भक्कम डब्ल्यूपीए लावलेली होती. त्यांची परवानगी काढून दर रविवारी सकाळी ती उतरवायची आणि खेळ संपला की पुन्हा चढवायची, असा आमचा नेम ठरला. आमच्याकडे रविवारचे आठ वाजलेले असत, त्याच्याकडे शनिवारची रात्र. बत्तीसपैकी वीसच रस्ते ऑनलाइन खेळता येत होते, तरी त्यातली एकही फेरी मला कमी वाटली नाही.

त्याची गाडी माझ्या गाडीला घासून पुढे गेली, की तो त्या क्षणी तिथे आहे, हे मला कळत असे. नोंदवून ठेवलेल्या फेरीशी शर्यत लावून ते कळले नसते. माणसे एका वेळी हजर असणे ही अट आहे, हे खरे. पण ती अट पाळण्यासाठीच तर आम्ही दोघे धडपडत होतो.

दक्षिणवारा

पाऊलवाट यांनी जे लिहिले, ते माझ्या मनातले आहे, फक्त मी ते केबलविषयी म्हणत होतो.

ग्लोबल ट्रेड स्टेशनचा दाखला योग्य आहे आणि 'कल्पनाच चुकीची होती' हे माझे म्हणणे मी तेवढ्यापुरते मागे घेतो. सर्व्हरच्या ताब्याचा आक्षेप मात्र त्यामुळे अधिकच बळकट होतो. डीएसची ती सगळी सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. पाऊलवाट यांची रविवारची शर्यत आणि धागाकर्तींचे ट्रेड स्टेशन एकाच दिवशी गेले. जीएस बॉल २०१८ मध्ये थ्रीडीएस या डीएसनंतरच्या हँडहेल्डवर पुन्हा आलेल्या क्रिस्टलमध्ये सर्व्हरविना मिळू लागला, म्हणजे तो तसा देणे शक्य होते. आणि मार्च २०२३ पासून थ्रीडीएसचे दुकानच बंद असल्याने ती आवृत्तीही आज नव्याने विकत घेता येत नाही. १९८९ चा गेम बॉय आणि त्याची केबल मात्र आजही दोन मुले समोरासमोर बसून वापरू शकतात.

तांबडीमाती, सेवा बंद झाली तेव्हा तुम्ही तिथे होतात. त्या मुलाचे पुढे काय झाले?

तांबडीमाती

तोवर मी वसतिगृहात राहायला गेलो होतो, पण अधूनमधून जेवायला जात असे. सेवा बंद होणार हे त्याला आधी कळले होते. खिडकीवर ठेवलेला पोकेमॉन तिथेच राहून जाईल, ही त्याला सर्वांत मोठी काळजी होती, म्हणून त्याने नोव्हेंबरातच तो परत घेतला.

'रुबी' त्याला नववर्षाच्या पैशांतून मिळाला. जानेवारीत गेलो, तेव्हा केबल खिशात घालून तो जिना उतरत होता. खालच्या मजल्यावर शरद ऋतूत एक नवे कुटुंब आले होते आणि त्यांच्या मुलाकडे 'सॅफायर' होता. निळा अ‍ॅडॉप्टर मेजाच्या खणात, आईच्या जुन्या फोनला जोडलेलाच होता.