छोट्या स्की हिलला जायचंय, मॅड रिव्हर ग्लेन कसं आहे?

निळी_छत्री
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीत व्हरमाँटला जायचं घाटतंय. मी आणि नवरा अगदीच नवखे, पायात स्की कधी चढवलेलीच नाही, लेक ८ वर्षांची, आणि सोबत माझा भाऊ, तो मात्र स्नोबोर्डवाला आणि चांगला तयार. मोठ्या रिसॉर्टच्या तिकिटाचे आकडे बघून डोळे पांढरे झाले, वर त्या लिफ्टच्या रांगा, म्हणून कुठल्या बड्या कंपनीचं नसलेलं छोटंसं ठिकाण शोधतेय. मॅड रिव्हर ग्लेनचे फोटो बघितले, ती एकेकट्याने बसायची जुनी चेअरलिफ्ट फारच आवडली. छोटं आहे म्हणजे सोपंच असेल ना? रेंटलचं काय करायचं आणि हॉटेल आत्ताच बुक करू का?

उतारकरी
आधी भावाला सांगा, नाहीतर पार्किंगमध्येच भांडण :) तिथे स्नोबोर्ड चालतच नाही. अमेरिकेत अशी तीनच ठिकाणं आहेत, युटातली आल्टा आणि डियर व्हॅली, आणि तिसरं हे. १९९५ पासून मॅड रिव्हर तिथे येणाऱ्या स्कीयर लोकांच्याच सहकारी संस्थेचं आहे, आपल्या साखर कारखान्यासारखे शेअर घेतलेले सभासद असतात, त्यामुळे असल्या गोष्टी तेच ठरवतात. तुम्ही म्हणताय ती सिंगल चेअर १९४८ ची, २००७ मध्ये डागडुजी करून पुन्हा तशीच ठेवली, दोन माणसांची नाही केली.
आणि छोटं म्हणजे सोपं हे डोक्यातून काढाच. त्यांचं स्टिकरच आहे, 'जमत असेल तर स्की करा' अशा अर्थाचं. वरपासून खालपर्यंत जवळपास २००० फूट उतार, अरुंद वाटा, मध्ये झाडं, बराचसा बर्फ आभाळातून पडेल तेवढाच. नवख्यांसाठी बर्डलँड नावाचा वेगळा भाग आहे, पण पहिल्यांदाच जाताय तर मी नाही सुचवणार.

बर्फी
कॉक्रन्सला जा की! रिचमंड गावात आहे. १९६१ मध्ये मिकी आणि जिनी कॉक्रन या नवराबायकोने घरामागच्या उतारावर रोप टो, म्हणजे हाताने धरून वर ओढून नेणारी फिरती दोरी, बसवला, त्यातून हे उभं राहिलं. चारही मुलं अमेरिकेच्या टीममध्ये गेली, बार्बरा ॲनला १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये स्लॅलमचं (काठ्यांमधून वळत उतरायची शर्यत) गोल्ड, आणि तिच्या मुलाला २०२२ ला बीजिंगमध्ये सुपर-जी या वेगाच्या शर्यतीचं सिल्व्हर. आणि उतार म्हणाल तर टेकडीएवढा! ना-नफा तत्त्वावर चालतं, लेकीसाठी मस्त. भावाला जवळच बोल्टन व्हॅलीला सोडा, तेही स्वतंत्रच आहे, बोर्ड चालतो आणि रात्रीचं स्कीइंगही असतं.
फक्त टी-बारचं, म्हणजे उभ्यानेच वर नेणाऱ्या लिफ्टचं, आधी समजून घ्या. उलट्या टी सारखा दांडा मागून येतो, त्यावर बसायचं नाही, तो नुसता ढकलतो. बसायला गेलात की दोरी लांब होते आणि तुम्ही बर्फात. लेकीबरोबर जाणार असाल तर दांडा तिच्या कुल्ल्याखाली घ्या, तुमच्या तो गुडघ्यामागे येईल, विचित्र वाटतं पण तसंच बरोबर. रोप टोला दोरी एकदम गच्च धरायची नाही, हातातून सरकू द्यायची आणि हळूहळू पकड घट्ट करायची, हातमोजे जुने चामड्याचे असले तर उत्तम कारण नवे भारीतले मोजे दोरी खाऊन टाकते. मफलर, ओढणी, मोकळी वेणी सगळं जॅकेटच्या आत.

थंडोबा
हॉटेल कॅन्सल करता येईल असंच घ्या, हे सगळ्यात महत्त्वाचं. छोट्या ठिकाणी कृत्रिम बर्फ करायची यंत्रं कमी, आणि ती यंत्रंही वेट बल्ब तापमान (हवेतला दमटपणा धरून मोजलेलं) साधारण उणे २ सेल्सिअसच्या खाली गेलं तरच नीट चालतात, म्हणजे हवा कोरडी असेल तर शून्याच्या जरा वरही जमतं पण दमट असेल तर शून्यालाही नाही. दोन दिवस पाऊस झाला की मोठं रिसॉर्ट कसंबसं तग धरतं, छोटं सरळ बंद ठेवतं. आठवड्यातले सगळे दिवस उघडं असतं असंही नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळी साइटवरचा स्नो रिपोर्ट बघायचा आणि शंका असेल तर फोन लावायचा. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डे या अमेरिकन सुट्टीचा आठवडा टाळता आला तर टाळा, शाळांना सुट्ट्या असतात.

निळी_छत्री
बापरे, बरं झालं विचारलं! भाऊ आत्ताच तोंड पाडून बसलाय, बोल्टन चालेल म्हणतो. लेकीचे बूट कसे बघायचे, एक साइज मोठे घेऊ का जाड मोजे घालून?

उतारकरी
अजिबात नको. मोज्याची एकच जोडी, तीही पातळ. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवल्यावर सुटली पाहिजेत. पायजम्याची कड बुटात कोंबू नका, नडगीला वळ उठतात. छोट्या ठिकाणी लहान मुलांचे साइज पटकन संपतात म्हणून रेंटल आणि लेसन दोन्ही एकदमच बुक करा. फॉर्मवर वजन विचारतील ते खरं लिहा हं, पडल्यावर स्की पायातून कधी सुटायची ते उंची, वय आणि वजनावरून सेट करतात, तिथे पाच किलो कमी लिहून चालत नाही :D

निळी_छत्री
हाहा, नवऱ्याला सांगते!