सिडनीत भाड्याचं घर: वेंटवर्थविल, एपिंग की कॅसल हिल?

नाशिकचा_चिवडा

नमस्कार मंडळी. आजवर नुसता वाचत होतो, आता गरज पडली म्हणून पहिलाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं सिडनीला येतोय. पीआर (कायमच्या वास्तव्याचा व्हिसा) हातात आहे. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि साडेचार वर्षांचा मुलगा (जूनमध्ये पाच पूर्ण होतील). ऑफिस मॅक्वारी पार्कला, आठवड्यातून तीन दिवस जायचं. बायको पहिले सहा महिने तरी घरी असेल, मग नोकरी बघेल. फेब्रुवारीत आई येणार आहे. तिचे गुडघे दुखतात. बजेट आठवड्याला ६५० डॉलर, फार ताणलं तर ७००. दोन बेडरूम चालतील. गाडी लगेच घ्यायची नाही.

आतापर्यंत सात जणांना विचारलं. प्रत्येकाने आपण राहतो तेच उपनगर सर्वोत्तम म्हणून सांगितलं! वेंटवर्थविल, हॅरिस पार्क, कॅसल हिल, हॉर्न्सबी आणि एकाने तर ब्लॅकटाउन. मी एक्सेल शीट केली आहे. बारा रकाने आहेत: भाडं, शाळेचं रँकिंग, स्टेशनचं अंतर, गुन्हे, देऊळ वगैरे. तरी उत्तर काही निघत नाही.

वेंटीकर

शीट बंद करा आणि डोळे झाकून वेंटवर्थविलला या. किराणा खाली उतरलं की मिळतो, हॅरिस पार्कची भारतीय दुकानांची विग्रॅम स्ट्रीट जवळ, मुरुगन मंदिर जवळ, वेस्टमीडचं मोठं हॉस्पिटल आणि लहान मुलांचं हॉस्पिटल दोन्ही पुढच्याच स्टेशनला. बायकोला पहिल्या दिवसापासून परकं वाटणार नाही. आम्ही आठ वर्षं इथे आहोत, हलायचा विचारही येत नाही.

मिरजेची_सतार

वेंटीकर, राग मानू नका, पण हा आठवा माणूस झाला. वेस्टमीडला मी स्वतः पाच वर्षं काढली, त्या भागाविरुद्ध माझं काहीही नाही. पण यांचं ऑफिस मॅक्वारी पार्कला आहे. वेंटीहून ट्रेनने स्ट्रॅथफिल्ड, तिथे गाडी बदलून एपिंग, तिथून मेट्रो. नाहीतर पॅरामॅटापर्यंत जाऊन बस. एका बाजूला तासाच्या वर धरा. ऑफिस सिटीत असतं तर मीही वेंटीच म्हटलं असतं.

आता चिवडा, तुमच्याकडे वळते. बारा रकाने केलेत, पण त्यात तेरावा हवा होता: सकाळी साडेनऊला, तुम्ही ऑफिसला आणि मुलगी शाळेत गेल्यावर, बायको धाकट्याला घेऊन गाडीशिवाय कुठे जाऊ शकते? आधी तो भरा. बाकीचे नंतर.

हे मी अनुभवाने बोलतेय. आम्ही २०१५ला आलो. नवऱ्याने पुण्यातूनच ठरवलं होतं, केलीव्हिलला चार खोल्यांचं घर, मागे लॉन, दोन गाड्यांचं गॅरेज. गाडी एक, ती तो घेऊन जायचा. माझ्याकडे लायसन्स भारतातलं, आणि भारतातलं लायसन्स इथे नुसतं बदलून मिळत नाही, लेखी परीक्षा आणि ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. मी दोनदा नापास. मेट्रो तेव्हा नव्हतीच, ती आली मे २०१९ला, आम्ही निघून गेल्यावर. बस कधीतरी यायची. सगळ्यात जवळचं दूध पंचवीस मिनिटांवर, चढाचा रस्ता, बाबागाडी, डोक्यावर डिसेंबरचं ऊन. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. घर सुंदर होतं हो. त्या लॉनवर बसून मी आईला फोन करून रडायचे आणि नवऱ्याला वाटायचं, हिला घराची आठवण येते. सात महिन्यांत करार मोडून वेस्टमीडला गेलो.

म्हणून तुमच्यासाठी मी मेट्रोच्या रेषेवर बोट ठेवून बघेन. मॅक्वारी पार्कपासून एपिंग दोन स्टेशनं, चेरीब्रूक तीन, कॅसल हिल चार. ही मेट्रो ऑगस्ट २०२४पासून थेट सिटीतून सिडनहॅमपर्यंत जाते, त्यामुळे उद्या वहिनींना मार्टिन प्लेसला नोकरी लागली तरी घर बदलायला नको. यातलं चेरीब्रूक मात्र जपून. स्टेशनला नाव चेरीब्रूकचं, पण ते अगदी एका कडेला, मेन रोडवर आहे. कितीतरी घरं तिथून दोन-तीन किलोमीटर लांब, आणि सगळा चढउतार. जाहिरातीत ‘स्टेशनजवळ’ लिहिलेलं असतं ते गाडीने जवळ.

कॅसल हिल छान आहे, स्टेशनला लागूनच मोठा मॉल आहे. पण स्टेशनजवळ बहुतेक नवे टॉवर आहेत, तुमच्या बजेटमध्ये खोल्या काडेपेटीएवढ्या मिळतील. मला विचाराल तर एपिंग, आणि तेही जुन्या लाल विटांच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये. दिसायला साठच्या दशकातल्या सरकारी क्वार्टर्ससारख्या असतात, लिफ्ट नसते, पण खोल्या ऐसपैस, स्वयंपाकघराला खिडकी, मागे कपडे वाळत घालायला मोठी फिरती दांडी. आईंसाठी तळमजला बघा. मिळाला नाही तर एपिंगहून बसने दहा मिनिटांवर कार्लिंगफर्ड. तिथून डिसेंबर २०२४पासून ट्राम सुरू झाली आहे, पॅरामॅटा करत वेस्टमीडपर्यंत. म्हणजे वेंटीकरांचा किराणाही हातात.

नाशिकचा_चिवडा

ताई, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, “या बाईंचा नंबर घे.” 😀

दोन शंका. एक, शाळा. गिरावीन आणि बॉल्कम हिल्सच्या शाळांबद्दल फार ऐकलंय, रँकिंगमध्ये वर आहेत. तिकडे राहायला नको का? दुसरी, भारतातून घर बुक करता येईल का? उतरल्या उतरल्या स्वतःच्या घरात जायचं होतं.

मिरजेची_सतार

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते एका शब्दाचं आहे: नको. न बघितलेल्या घराला एक पैसाही पाठवू नका. फोटोत खोली रुंद दिसते आणि बुरशी दिसत नाही. चार ते सहा आठवड्यांसाठी तात्पुरती जागा घ्या, एपिंग नाहीतर पॅरामॅटाच्या आसपास, आणि इथून शोधा. तुमचा महिना जरा अडचणीचा आहे. ख्रिसमसच्या आधीपासून एजंटांची ऑफिसं बंद व्हायला लागतात आणि जानेवारीचा पहिला आठवडाही सुस्तच जातो. म्हणजे हातात साधारण पाच शनिवार. घरं बहुतेक शनिवारीच दाखवतात, पंधरा मिनिटं, बाहेर रांग. बायकोला नेल्याशिवाय एकही बघू नका.

आता शाळा. मी शाळेनंतरच्या पाळणाघरात काम करते, त्यामुळे हा प्रश्न दर जानेवारीत ऐकते. गिरावीन हायस्कूल सिलेक्टिव्ह आहे, तिथे सहावीत परीक्षा देऊन सातवीला प्रवेश मिळतो. शेजारी घर घेतलंत म्हणून मिळत नाही, आणि लांब राहिलात म्हणून हुकतही नाही. तुमची मुलगी तर जानेवारीत तिसरीत जाईल. प्राथमिकला तुमच्या पत्त्याची जी सरकारी शाळा असेल तिला मुलं घ्यावीच लागतात. फक्त पत्ता नीट तपासा. हद्द रस्त्याच्या मधून जाते, समोरचं घर दुसऱ्या शाळेचं असू शकतं. शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की शाळा कळते. पत्त्याचा पुरावा मागतात, म्हणून भाडेकरार आणि विजेचं बिल जपून ठेवा. रँकिंगचं म्हणाल तर त्यात अर्धी मेहनत कोचिंग क्लासची असते, शाळेची नव्हे. हे माझं मत, भांडायला या खुशाल.

मुलगा ३१ जुलैपूर्वी पाच पूर्ण करतोय, म्हणजे जानेवारीअखेर किंडीला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) बसवता येईल. आता एक गोष्ट कुणी सांगत नाही. शाळा नऊ ते तीन. वहिनी नोकरीला लागल्या की सकाळचं आणि संध्याकाळचं पाळणाघर लागेल, आणि आमच्याकडची यादी लांबलचक असते. शाळेत नाव घालाल त्याच दिवशी तिथेही घाला, नोकरी नसली तरी.

घर बघताना आणखी दोन गोष्टी. पहिली, दिशा. इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो. आपण पूर्व-पश्चिम बघत बसतो आणि दक्षिणेकडे तोंड असलेला फ्लॅट स्वस्त मिळाला म्हणून खूश होतो. आम्हीही झालो होतो. वास्तुशास्त्र राहू द्या बाजूला, जून-जुलैत त्या घरात एक किरण आला नाही, कपाटातल्या पैठणीवर हिरवी लव आली. उत्तरेची बाल्कनी शोधा. पश्चिमेची नको, आणि वरचा मजला तर नकोच. ४ जानेवारी २०२०ला पेनरिथला ४८.९ अंश तापमान होतं. वेस्टमीड तितकं आत नाही, पण आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, एसी एकच, हॉलमध्ये. चौघं चार दिवस हॉलमध्येच झोपलो.

दुसरी, फोडणी. हसू नका. नव्या बिल्डिंगमधल्या बऱ्याच चिमण्या धूर बाहेर टाकत नाहीत, गाळून परत घरातच सोडतात. आत अलार्म वाजला तर बाल्कनी उघडा, पण मुख्य दार चुकूनही उघडू नका. कॉरिडॉरमधला अलार्म बिल्डिंगच्या यंत्रणेला जोडलेला असतो, आणि ती थेट अग्निशमन दलाला. आमच्या सासूबाईंनी मिरच्या तळल्या, ठसका लागला म्हणून दार उघडलं. पाच मिनिटांत पूर्ण पोशाखातले चार जवान दारात आणि पन्नास बिऱ्हाडं रस्त्यावर. विनाकारण झालेल्या फेरीचं बिल दीड हजार डॉलरच्या वर असतं, ते बिल्डिंगकडून फिरून आमच्याकडे आलं. मिरच्या मात्र छान झाल्या होत्या.

ढोलपथक_निवृत्त

सतारताईंनी पैशाचा हिशोब सोडला, तो मी देतो. भाडं आठवड्याचं असतं, पण महिन्याचं काढताना चाराने गुणू नका. ६५० गुणिले ५२ भागिले १२ म्हणजे महिन्याला २,८१७ होतात, २,६०० नव्हे. पहिल्या वर्षी माझं बजेट इथेच कोसळलं होतं.

हातात किती लागतील? डिपॉझिट जास्तीत जास्त चार आठवड्यांचं, आगाऊ भाडं दोन आठवड्यांचं. ६५०ला एकूण ३,९००. डिपॉझिट घरमालकाच्या खिशात जात नाही, सरकारकडे जमा होतं. त्याची पोच घ्या.

नवीन माणसाला इथला भाड्याचा इतिहास नसतो, म्हणून अर्ज मागे पडतो. कंपनीचं पगार लिहिलेलं पत्र, भारतातल्या खात्याचं स्टेटमेंट, आणि तिथल्या घरमालकाकडून इंग्रजीत चार ओळी, ‘भाडं वेळेवर दिलं’, एवढं येण्याआधीच तयार ठेवा. घर बघितलं की घरी येऊन चर्चा करत बसू नका, स्टेशनवर बसून फोनवरूनच अर्ज टाका. जाहिरातीपेक्षा जास्त भाडं एजंट मागू शकत नाही. आपण होऊन देणारे असतात, तुम्ही त्यात पडू नका.

आणि चुकलं तर जग बुडत नाही. वर्षाच्या कराराचा पाव काळही झाला नसेल तर मोडायला चार आठवड्यांचं भाडं लागतं, पुढे ते कमी होत जातं. मे २०२५पासून घरमालकालाही कारण दिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही. भाडंही वर्षातून एकदाच वाढवता येतं.

वेंटीकर

मी राग मानला नाही हे नोंदवून ठेवतो. जागा कुठेही घ्या, पण मासीच्या गणपतीला या. इथलं मराठी मंडळ ते. तिथे सगळ्या उपनगरांचे लोक एकाच रांगेत मोदकासाठी उभे असतात.

नाशिकचा_चिवडा

धागा वर काढतोय, कारण घर मिळालं!

तीन शनिवार, अकरा घरं, पाच अर्ज, चार नकार. एपिंग, लाल विटा, तळमजला, ६७०. स्टेशन चालत अकरा मिनिटं (मुलासोबत एकोणीस, कारण त्याला प्रत्येक कुंपणापाशी कुत्रा बघायचा असतो). कॅसल हिलचा एक टॉवर मला फार आवडला होता, पोहायचा तलाव वगैरे. बायको आत गेली, चूल बघितली, बाल्कनीत उभी राहून सूर्य कुठे आहे ते बघितलं आणि मराठीत म्हणाली, “चल.” एजंटला वाटलं, तिला घर पसंत पडलं.

सकाळी साडेनऊचा रकाना तिनेच भरलाय: वाचनालय, भाजीवाला, आणि एक बाग, जिथे तिला परवा एक सोलापूरच्या आजी भेटल्या. सोमवारी किल्ली मिळेल. अजून काही राहिलं का?

मिरजेची_सतार

अभिनंदन! किल्लीसोबत घराच्या स्थितीचा रिपोर्ट मिळेल. तो सात दिवसांत भरून परत द्यायचा असतो. सामान आत नेण्याआधी भरा. भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा, गालिच्यावरचा डाग, तुटलेली जाळी, सगळ्याचे फोटो काढा. ओव्हनच्या आतलाही. आमच्या डिपॉझिटमधले दोनशे डॉलर त्या ओव्हनपायी गेले, आणि आम्ही तो पाच वर्षांत एकदाही लावला नव्हता. त्यात पातेली ठेवायचो.