ब्रिजमधल्या ‘जजमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न :
ब्रिजच्या बोलीवर मराठीत लिहायला बसलं की मी दर वेळी एकाच शब्दापाशी अडतो, तो म्हणजे जजमेंट. हुकूम, उतारी, भिडू, हात हे शब्द आपल्याकडे कधीचे आहेत. पण बोली अवघड जागी येते तेव्हा खेळाडूचं जे काही पणाला लागतं, त्याला शब्द सापडत नाही. ‘अंदाज’ लिहिलं तर नशिबावर सोडल्यासारखं वाटतं. ‘निर्णय’ लिहिलं तर शेवटचं पाऊल तेवढं उरतं. ‘पारख’ जवळची वाटते, पण पारख एकाच वस्तूची होते. तुम्ही काय वापरता?

प्रतिसाद १ :
‘आडाखा’. त्यात हिशेबही आला आणि अनुभवही. ‘अटकळ’सुद्धा चालेल; समोरच्याच्या बोलीवरून त्याची पानं ताडायची ती अटकळच.

प्रतिसाद २ :
दोन्ही शब्द आवडीचे, पण दोन्ही ‘काय असेल’ एवढंच सांगतात. जजमेंट ‘मग काय करावं’ हे सांगतं. माझं मत ‘तारतम्य’ला. संस्कृतातले तर आणि तम हे तुलनेचे प्रत्यय (लघु, लघुतर, लघुतम), त्यांच्यावरून हा शब्द झाला. तुलना त्याच्या पोटातच आहे, आणि ब्रिजमध्ये नेमकी तीच करायची असते.

एक डाव घ्या. तुमची पानं : इस्पिकचे राजा, गुलाम, अठ्ठा, चव्वा, दुर्री, बदामची एकटी सत्ती, चौकटचे एक्का, नव्वा, छक्का, दुर्री, किलवरचे अठ्ठा, पंजा, तिर्री. समोरचे (म्हणजे प्रतिस्पर्धी) व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे अशा स्थितीत; तुम्ही नाही. सामना संघांचा, गुण आयएमपीत (इंटरनॅशनल मॅच पॉइंट्स; गुणांतला फरक ठरलेल्या तक्त्याने लहान आकड्यात बदलतात). बोलीतला आकडा सहाच्या वरचे हात सांगतो; ५ बदाम म्हणजे बदाम हुकूम करून ११ हात. भिडू १ इस्पिक, उजवीकडून २ बदाम, तुम्ही ४ इस्पिक, डावीकडून ५ बदाम. भिडू पास, उजवीकडचाही पास. आता तुम्ही?

डबल (समोरचे बुडतील असं मानून पणाला लागलेले गुण वाढवणारी बोली) क्षणभर बाजूला ठेवू. भिडूची पाच इस्पिकं धरली तर तुमची मिळून दहा झाली. त्यांचे बदामही दहा समजू. ज्याँ-रेने व्हेर्न यांच्या एकूण हातांच्या नियमाने (दोन्ही बाजूंच्या हुकमांची बेरीज जितकी, साधारण तितके एकूण हात), दोन्ही बाजूंचे आपापल्या हुकमात मिळून साधारण २० हात होतात. (‘हात’ इथे ट्रिक या अर्थी.) म्हणजे त्यांचे ११ होत असतील तर तुमचे ९, त्यांचे १० होत असतील तर तुमचेही १०.

५ बदाम होत असतील तर पास केल्यावर ६५० जातात. ५ इस्पिक बोलून, डबल खाऊन दोन हातांनी बुडालात तर ३०० जातात. वाचले ३५०, म्हणजे ८ आयएमपी. उलट ५ बदाम एका हाताने बुडत असतील तर पास करून १०० मिळाले असते, ते सोडून तुम्हीच डबलमध्ये १०० घालवले. फरक २०० चा, म्हणजे ५ आयएमपी. तेव्हा ५ बदाम होण्याची शक्यता तेरात पाच, म्हणजे सुमारे ३८ टक्क्यांच्या वर असली की ५ इस्पिक बोलावं.

आता तुम्हीही व्हल्नरेबल आहात असं धरा. तुमचा दंड वाढल्याने मिळाले तर ४ आयएमपी, गेले तर ७. आता तीच शक्यता ६४ टक्क्यांच्या वर हवी. ५ बदाम होतील की नाही याबद्दलचा तुमचा अंदाज समजा पन्नास टक्के आहे. दोन्ही वेळा तो तेवढाच, पण पहिल्या वेळी बोलायचं आणि दुसऱ्या वेळी गप्प बसायचं. अंदाजाच्या पलीकडचं जे उरतं ते तारतम्य.

प्रश्नकर्ता :
हे मनापासून पटलं. ‘तारतम्याने बोलावं’ हे आपण रोजच्या बोलण्यात वापरतो आणि ब्रिजमध्ये ते शब्दशः लागू पडतं! पण मग पंचाच्या जजमेंटलाही तारतम्यच म्हणायचं का?

प्रतिसाद ३ :
नको, तिथे ‘निवाडा’. वरच्याच डावात भिडूने पास म्हणण्याआधी बराच वेळ घेतला आणि तुम्ही ५ इस्पिक बोललात, तर समोरचे पंचाला बोलावतील. त्या थांबण्यावरून भिडूला बोलायची इच्छा होती असं दिसतं आणि ती माहिती तुम्हाला वापरता येत नाही. नियमावलीचं १६ वं कलम हेच सांगतं : त्या थांबण्याने सुचवलेली बोली तुम्ही निवडू नये, जर दुसरा ‘लॉजिकल ऑल्टरनेटिव्ह’ उपलब्ध असेल. म्हणून पंच तुमच्याच ताकदीच्या काही खेळाडूंना ही पानं दाखवतो, थांबण्याबद्दल काही न सांगता, आणि तुम्ही काय बोलाल असं विचारतो.

या संज्ञेला मी ‘तर्कसंगत पर्याय’ लिहीत आलो आहे.

प्रतिसाद २ :
‘तर्कसंगत’ने वाचक चकतो. पर्याय तर्काला धरून आहे का, हे तिथे तपासतच नाहीत. तुमच्या पातळीचे बऱ्यापैकी खेळाडू त्याचा गंभीरपणे विचार करतील का आणि त्यातले काही तो निवडतील का, एवढंच पाहतात. ‘विचारार्ह पर्याय’ म्हणा. सगळ्यांनी ५ इस्पिकच सांगितलं आणि पासकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, तर पास विचारार्ह नाही आणि भिडू कितीही वेळ थांबला असला तरी तुमची बोली कायम राहते.

प्रतिसाद ३ :
‘विचारार्ह’ घेतला. जुन्या टिपणांत आजच बदलतो.