वाचनालयाचं खूप जुनं पुस्तक परत कसं करायचं?

प्रश्न: आजोबांच्या नावावरचं सार्वजनिक वाचनालयाचं पुस्तक घरात आहे. मुदत उलटून कित्येक वर्षं झाली, कसरही लागलीय. दंड किती बसेल?

प्रतिसाद १: आधी शिक्क्याजवळचा दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा नोंदवहीत त्याला मिळालेला नंबर, शोधा. तो सहसा शीर्षकपानाच्या मागे असतो, शिवाय आतल्या एखाद्या ठरलेल्या पानावरही. वाचनालयात फोन करून तोच सांगा, म्हणजे दाखल नोंदवहीत लगेच सापडेल. पुस्तक निर्लेखित झालं असेल, म्हणजे नोंदीतून कमी केलं असेल, तर पुन्हा दाखल करायचं का, हे ग्रंथपाल ठरवतात. दंड रोजच्या दराने असला तरी बऱ्याच ठिकाणी पुस्तकाच्या किमतीपुढे ताणत नाहीत. अनामत जमा असेल तर त्यातून वळता करायला सांगा.

प्रतिसाद २: कसरीचं आधी बघा! पानं मऊ ब्रशने शिवणीपर्यंत झाडा, पुस्तक वेगळ्या पिशवीत बंद करून न्या आणि कसर लागल्याचं देतानाच सांगा, नाहीतर तिथल्या कपाटात पसरेल. कडक उन्हात ठेवू नका, कागद ठिसूळ होतो. सुट्या पानांना सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद पिवळा पडतो आणि डाग निघत नाही. पानं क्रमाने लावून सुती नाडीने बांधा, बाइंडर शिवेल.

प्रतिसाद ३: देवघेव खिडकीवर हातात द्या, खात्यावरची नोंद समोर खोडून घ्या. दंडाची पावतीही मागा.