जोखीम वर्तनात की उपचारांच्या तुटवड्यात?

‘अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये एचआयव्ही अधिक, कारण त्यांचे वर्तनच बेफिकीर’ असे मत मांडले जाते, ते मला मान्य नाही. लोकसंख्येत १२-१३ टक्के असलेल्या या समाजात नव्या निदानांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास निदाने होतात हे खरे. परंतु समलैंगिक पुरुषांच्या तुलनात्मक अभ्यासांत कृष्णवर्णीयांचा निरोधाचा वापर गोऱ्यांपेक्षा कमी किंवा जोडीदार अधिक असल्याचे दिसलेले नाही. फरक पडतो तो जोडीदाराच्या रक्तातील विषाणूंच्या प्रमाणाने. नियमित औषधांनी ते नगण्य झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. जोडीदाराची औषधेच खंडित झाली, तर तेवढ्याच सावधगिरीने वागणाऱ्याचाही धोका वाढतो.

औषधे नियमित मिळणे बऱ्याच अंशी विम्यावर अवलंबून असते, म्हणून पुढचा मुद्दा विम्याचा. २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा) अधिक गरीब प्रौढांपर्यंत विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरला आणि टेक्सास, अलाबामा, मिसिसिपी या दक्षिणेकडील राज्यांनी तो नाकारला. तेथे अपत्य नसलेला धडधाकट प्रौढ कितीही गरीब असला तरी सहसा मेडिकेडला पात्र ठरत नाही, आणि उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असल्यामुळे (हा तर्क अजबच!) खासगी विम्यावरील सरकारी अनुदानही त्याला मिळत नाही. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती नेमकी याच दक्षिणेत आहे.